शाळेसाठी निधी: कार्यक्रम ठरवण्याआधी खिसा ठरवा

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईचा आहे. मराठी माध्यमाच्या अनुदानित हायस्कूलच्या पालक-शिक्षक संघात त्या आहेत. शाळेच्या सभागृहाचं छप्पर गळतं. पत्रे आणि कैच्या, म्हणजे पत्र्यांखालचे त्रिकोणी सांगाडे, बदलायला आठ लाखांच्या आसपास खर्च सांगितलाय. सभेत पाच जणांनी पाच वाटा सुचवल्या: लकी ड्रॉची कूपनं, नाटकाचा प्रयोग, खाऊ मेळा, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि आसपासच्या कंपन्या. यातलं काय धरावं आणि काय सोडावं, असं त्यांनी विचारलंय. मुलांच्या हातात कूपनांची पुस्तकं द्यावीत का, हाही प्रश्न आहे, कारण गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने दहापैकी दोनच कूपनं खपवली आणि वर्गात त्याचं नाव वाचलं गेलं.

मी एका शिक्षण संस्थेचा खजिनदार म्हणून बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे उत्तर हिशेबाच्या बाजूने देतो. अशा सभांमध्ये चर्चा 'कार्यक्रम कुठला करूया' इथून सुरू होते. नाटकवाला नाटक म्हणतो, क्रिकेटवाला टूर्नामेंट म्हणतो. आधी विचारायला हवं ते वेगळंच: हा पैसा शेवटी कोणाच्या खिशातून येणार आहे? कूपन मुलगा विकतो, घेतो त्याचा काका. खाऊ मेळ्यात आई पदार्थ करून पाठवते, बाप तो विकत घेतो. नाटकाचं तिकीटही पालकांनाच, स्मरणिकेतली शुभेच्छाही त्यांचीच. एका वर्षात चार कार्यक्रम केले तर चार वेळा तोच खिसा उलटा केला जातो. मराठी शाळेतल्या पालकांचा खिसा केवढा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणी कारखान्यात कंत्राटावर, कोणी टेम्पो चालवतो, कोणाची चार कलमं काजूची. शाळेच्या गळक्या छपराखाली त्यांचीच मुलं बसतात, म्हणून ते नाही म्हणत नाहीत. पण गावाबाहेरचा, शाळेबाहेरचा पैसा आत आणतो तोच खरा निधी.

पूर्वी आपल्या भागात हा बाहेरचा पैसा सहज यायचा. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर खाण कंपन्यांच्या नावांच्या पाट्या दिसतात. कंपनीचा माणूस, ट्रकमालक, बार्जवाले, सगळे वार्षिक संमेलनाला पाकीट पाठवायचे. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले आणि शाळांच्या देणगी-वहीची पानं कोरी राहू लागली. ती सवय मात्र अजून गेलेली नाही. अजूनही सभेत कोणीतरी म्हणतोच, 'एखादा मोठा माणूस बघूया.' मोठा माणूस मिळाला तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर छपराची तारीख ठरवू नका.

खाणपट्ट्यातल्या शाळांसाठी एक सरकारी दार मात्र उघडं आहे, आणि तिथे फार कमी शाळा जातात. खाणकामाची झळ बसलेल्या गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं, उत्तर आणि दक्षिण गोव्याचं वेगळं. 2015 च्या कायदा दुरुस्तीनंतर ही व्यवस्था आली. त्या निधीतला मोठा हिस्सा पाणी, आरोग्य, शिक्षण अशा प्राधान्याच्या कामांवरच खर्च करायचा असतो. तुमचं गाव त्या यादीत बसतं का, हे पंचायतीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर हवा, सोबत अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि गळक्या छपराचे भर पावसातले फोटो. उन्हाळ्यात काढलेल्या फोटोंत काहीच दिसत नाही. शिक्षण खात्याच्या देखभाल अनुदानातून या कामाला काही वापरता येतं का, तेही मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. हे दोन्ही विचारून झाल्याशिवाय पालकांपुढे हात पसरू नये, असं माझं मत आहे.

आता तुमच्या पाच सूचना.

खाऊ मेळ्याने सुरुवात करतो, कारण तो सगळ्यांना आवडतो आणि त्यातून मिळतं सर्वात कमी. मेळा जरूर करा, पण शिक्षण म्हणून करा. सातवीतली मुलगी सोलकढीचा डबा घेऊन बसते, ग्लासला दहा रुपये लावते, आणि दुपारी बाराला तिच्या लक्षात येतं की शेजारच्या स्टॉलवर थंडगार कोकम सरबत आठला चाललंय. गणिताच्या पुस्तकात हे कुठे शिकायला मिळतं? पैशाच्या बाजूने पाहिलं तर नारळ, सोलं, गॅस, आईची सकाळ, यातलं काहीच खर्चात धरलं जात नाही आणि गल्ल्यात पडलेलं सगळं 'जमा' म्हणून मोजलं जातं. रोखीचा गोंधळ टाळायला एकाच टेबलावर दहा-दहा रुपयांच्या चिठ्ठ्या विका आणि स्टॉलवर फक्त चिठ्ठ्या घ्या. संध्याकाळी स्टॉलवार चिठ्ठ्या मोजल्या की कोणाचं किती ते कळतं आणि मुलांच्या हातात नोटा राहत नाहीत. खाण्याच्या तात्पुरत्या स्टॉललाही अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी लागते का, ते आधी विचारून घ्या. मासे-मटण, मलई घातलेलं काही, दुपारच्या उन्हात राहणारं काही ठेवू नका. खतखतं, पोळे, धोंडस, नेवऱ्या, चणे-गूळ एवढं पुरे होतं.

बाहेरचा पैसा आणणारा एक बाजार मात्र आहे: चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा. गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतात त्या माटोळीचं सामान गावातल्या बागायतींत पिकतं आणि घेणारा असतो पणजी-म्हापशाचा. नारळाची पेंड (घड), सुपारीची शिंपटी, तोरिंजन, चिबूड, निरफणस असं सामान पालकांच्या कुळागरातून, म्हणजे बागायतीतून जमवून, चवथीच्या आदल्या दोन दिवसांत शाळेच्या नावाचा एक स्टॉल तालुक्याच्या बाजारात लावायचा. मालक-पालकाला निम्मे पैसे द्या, निम्मे शाळेला. फुकट मागू नका, कारण पुढच्या वर्षी तो पेंड लपवून ठेवील. एक पथ्य पाळा. मुलांना रानात पाठवून वेली-फळं ओरबाडून आणू नका. सत्तरीत तर म्हादई अभयारण्य आहे, तिथून काहीही काढणं गुन्हा आहे. आणि स्टॉलवर मोठी माणसं असू द्यात. मुलं दोन तास बसली, वजन करायला शिकली, घरी गेली.

नाटक. हा आपल्या गोव्याचा मूळ आजार आहे, आणि मीही त्यातलाच. जत्रेला रात्रभर नाटक न बघितलेला माणूस आपल्या तालुक्यात शोधावा लागेल. मदतीचे प्रयोग मराठी रंगभूमीला नवे नाहीत. 1921 मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र प्रयोग केला होता. पण त्या नावांची जादू वेगळी होती. तुमच्या प्रयोगाचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवतो. आकडे समजा म्हणून धरा, तुमच्याकडे वेगळे असतील.

समजा साखळीच्या रवींद्र भवनात प्रयोग लावला. 500 तिकिटं सरासरी 200 रुपयांनी गेली, म्हणजे लाख रुपये. बाहेरून आलेल्या नाटक कंपनीची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, 60 हजार. सभागृहाचं भाडं, बॅनर, तिकीट छपाई, कलाकारांचं जेवण, टेम्पो, पाहुण्यांना नारळ-शाल, हे सगळं मिळून वीस-पंचवीस हजार. उरले पंधरा-वीस हजार. त्यासाठी तीन महिने वीस माणसं राबली, आणि त्यातल्या निम्म्यांनी स्वतःचं पेट्रोल जाळलं. नाटकाने छप्पर होत नाही ते इथे कळतं.

तरीही नाटक करा म्हणतो, दोन अटींवर. पहिली, नाईट देऊन कंपनी आणू नका. गावातल्या आणि माजी विद्यार्थ्यांतल्या कलाकारांनी बसवलेलं नाटक लावा. जत्रेत दरवर्षी नाटक करणारी मंडळी शाळेसाठी फुकट उभी राहतात, आणि त्यांची बायका-पोरं, सासुरवाडी, मित्रमंडळ तिकीट काढून येतं. दुसरी, सगळा खर्च स्मरणिकेच्या जाहिरातींतून आधी भरून काढा. मागचं पान, आतलं पान, अर्धं पान, शुभेच्छा-ओळ असे दर ठरवा, आणि तिकीट विक्री सुरू होण्याआधी जाहिरातींचे पैसे हातात येऊ द्यात. म्हापसा, डिचोली, फोंड्याचे दुकानदार जाहिरात द्यायला तयार असतात. पैसे देताना मात्र 'प्रयोग झाल्यावर या' म्हणतात. प्रयोग झाल्यावर त्यांच्या दुकानावर जायला कोणालाच सवड नसते. म्हणून मजकूर आणि पैसे एकाच वेळी घ्यायचे, पावती तिथेच फाडायची. स्मरणिका 64 पानांची करायची हौस आवरा. 24 पानं पुरतात. अध्यक्षांचं मनोगत, सचिवांचं मनोगत, उपाध्यक्षांचं मनोगत कोणी वाचत नाही. दहावीच्या जुन्या वर्गांचे फोटो छापा, ते लोक जपून ठेवतात.

कायद्याच्या चार गोष्टी नाटकाला लागून येतात. शिक्षक-विद्यार्थ्यांनी सादर केलेला आणि फक्त शाळेतल्या मंडळींनी व पालकांनी पाहिलेला प्रयोग कॉपीराइट कायद्यात सवलतीत येतो. तिकीट लावून सर्वांसाठी खुला केलेला प्रयोग येत नाही. नाटककाराची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्या आणि त्यांचं मानधन वेळेवर पाठवा. मध्यंतरात सिनेगीतं वाजवायची असतील तर त्याचाही परवाना असतो, नपेक्षा सनई लावा. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, म्हणून तिकीट त्याच्या आत ठेवा. आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. शाळेच्या आजूबाजूचं 100 मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं असू शकतं, त्यामुळे 'आपल्याच मैदानावर लावू' हा विचार सोडा आणि बंद सभागृहात संध्याकाळी साडेसहाला पडदा उघडा. जत्रेची सवय असलेले लोक साडेसातला येतील. पहिल्या वर्षी ओरडतील, दुसऱ्या वर्षी वेळेवर येतील.

माझी सगळी भिस्त आहे ती माजी विद्यार्थ्यांवर. तुमच्या शाळेतून दरवर्षी चाळीस मुलं बाहेर पडली असं धरा. तीस वर्षांत बाराशे झाले. त्यातले काही पोलिसात, काही सचिवालयात, कोणी औषध कंपनीत, कोणी शिपवर, कोणी दुबईत. यांच्यातल्या 200 जणांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. नाटकाच्या पंधरा हजारांशी याची तुलना करून बघा. पणजीची मुष्टिफंड संस्था घराघरातून मूठमूठ तांदूळ जमवून मराठी शाळा चालवण्याच्या प्रथेतूनच नावारूपाला आली. तेव्हा तांदूळ होता, आता मोबाइलवरून दरमहा आपोआप वळती होणारी रक्कम आहे. अडचण एवढीच की हा पैसा मागावा लागतो, आणि तो नीट मागायला आपल्याला येत नाही.

'माजी विद्यार्थ्यांनी सढळ हस्ते मदत करावी' असा निरोप व्हॉट्सॲपवर सोडला की अंगठे येतात, पैसे येत नाहीत. वर्गवार मागा. 1998 ची दहावी, 2004 ची दहावी. प्रत्येक बॅचमध्ये एक माणूस असा असतो की ज्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात आणि ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. तो शोधा, शाळेत बोलवा, गळकं छप्पर दाखवा, चहा द्या. छपराचं काम तुकड्यांत वाटा. एका कैचीची किंमत किती, एका पत्र्याची किती, ते कंत्राटदाराच्या दरपत्रकावरून काढून यादी लावा. 'आमच्या बॅचने तीन कैच्या दिल्या' हे वाक्य माणूस बायकोला सांगू शकतो. 'आमच्या बॅचने निधीत योगदान दिलं' हे कोणी सांगत नाही. मग बॅचा एकमेकींशी चढाओढ करतात, ती त्यांना करू द्यात. फलकावर मात्र सगळ्या बॅचची नावं सारख्या अक्षरात लिहा. एक लाख देणाऱ्याचं नाव सोनेरी आणि पाच हजारवाल्याचं तळाला बारीक, असं केलंत तर पाच हजारवाले पुढच्या वर्षी येणार नाहीत, आणि तेच संख्येने जास्त असतात.

भेटीची वेळही आपल्या गावांत ठरलेली आहे. चवथीला सगळे घरी येतात. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी बरेच लोक मोकळे असतात. तेव्हा शाळेत तासाभराचा मेळावा ठेवा. लांबलचक भाषणं ठेवू नका. जुने शिक्षक खुर्चीत बसवा, पोरं आपसूक पाया पडायला येतात. आणि त्याच मेळाव्यात पावणी, म्हणजे दान आलेल्या वस्तूंचा लिलाव, करा. देवळात, चर्चच्या फेस्तात आपण पावणी पाहतोच. कोणाच्या बागायतीतला पहिला नारळाचा घड, कोणी स्वतः तयार केलेला मधाचा डबा, एखाद्या माजी विद्यार्थ्याने रंगवलेलं शाळेचं चित्र. बोली लावणारा निवेदक गोष्टीवेल्हाळ असला पाहिजे. मी पाहिलेल्या एका पावणीत साधा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट वर गेला, कारण दोन मित्रांचं शाळेपासूनचं वैर होतं आणि निवेदकाला ते ठाऊक होतं. घेणाऱ्याने तो भोपळा तिथेच दुसऱ्याला भेट दिला. वस्तू दान आलेली, खर्च शून्य, बोलीचा सगळा पैसा शाळेचा. शाळेसाठी पैसा जमवायचा यापेक्षा आनंदाचा प्रकार मला माहीत नाही. मँकुराद आंब्याच्या दिवसांत मे महिन्यात दुसरी पावणी ठेवली तरी चालते.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गोव्यात हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा जास्त येतो. दुबईत किंवा जहाजावर काम करणारा मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय त्याची देणगी विदेशी ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) कार्ड असो नसो, घर डिचोलीत असो नसो. ती घ्यायला संस्थेकडे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. गावातल्या शाळेला हे सहसा झेपत नाही. 'मी भावाच्या खात्यात टाकतो, भाऊ शाळेला देईल' अशी पळवाट हमखास सुचवली जाते. तिला नम्रपणे नाही म्हणा. पासपोर्ट कुठला आहे हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून देणगी-अर्जावरच 'मी भारतीय नागरिक आहे' अशी एक ओळ आणि सही ठेवा.

पावत्यांचंही इथेच सांगून टाकतो. देणगी घ्यायची ती नोंदणीकृत संस्थेच्या नावाने, पालक-शिक्षक संघाच्या किंवा मुख्याध्यापकांच्या नावाने नाही. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. कोणा उत्साही पालकाच्या नंबरवर पैसे गोळा केले की त्याचा उत्साह आणि अब्रू दोन्ही जातात. संस्थेला 80जीची मान्यता असेल तर देणगीदाराला आयकरात सवलत मिळते, पण ती जुनी करप्रणाली घेणाऱ्यालाच, आणि 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तीही नाही. पॅन किंवा आधार नंबर लिहून घ्या, नाहीतर वर्षअखेरीला प्रमाणपत्र देता येत नाही. तुमच्या पत्रात 'संस्थेवर पालकांचा विश्वास नाही' असं ओझरतं आलंय. त्याचा उपाय वेगळं संघटन काढणं नव्हे. संस्थेत ठराव करून छपरासाठी स्वतंत्र बँक खातं उघडायला लावा, सह्यांमध्ये पालक प्रतिनिधीची एक सही अनिवार्य करा, आणि दर महिन्याचं बँक स्टेटमेंट शाळेच्या सूचनाफलकावर लावा. छपराच्या कामाला तीन दरपत्रकं मागवा आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या मेहुण्याचं दरपत्रक त्यात नसेल एवढं बघा.

कंपन्यांबद्दल लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. कंपनी कायद्याप्रमाणे सीएसआर, म्हणजे नफ्यातला ठरावीक हिस्सा समाजकार्यावर खर्च करणं, बंधनकारक आहे ते मोठ्या कंपन्यांना: 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक तरी असायला हवं. कुंडई, पिळर्ण, होंडा, वेर्णा इथल्या वसाहतींतले बरेचसे कारखाने यात बसत नाहीत, आणि जे बसतात त्यांचे निर्णय मुंबईत होतात. त्यांना संस्थेचा सीएसआर नोंदणी क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि नीट लिहिलेला प्रस्ताव लागतो. अर्ज एप्रिल-मेमध्ये द्या, फेब्रुवारीत गेलात तर पैसे वाटून झालेले असतात. छोट्या कारखान्याकडे रोख मागू नका, वस्तू मागा. पत्रे, पाइप, रंग, वायरिंग, किंवा आपला फॅब्रिकेटर दोन दिवसांसाठी. मालकाला रोख काढणं जड जातं, माल देणं जात नाही. आमच्याकडे अशा मालाची किंमतही पावतीवर लिहून देणगी म्हणून नोंदवतात, त्यामुळे देणाऱ्याला मान मिळतो.

रद्दी-भंगार जमवणं, वॉकेथॉन, क्रिकेटचे सामने हे सगळं किरकोळ आहे. रद्दी वर्षभर चालू ठेवता येते आणि त्यातून वाचनालयाची पुस्तकं येतात, छप्पर येत नाही. वॉकेथॉनला टी-शर्टचा प्रायोजक मिळाला तरच करा. ऑनलाइन देणगी गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर अनोळखी लोक देतात ते आजारी मुलाला. गावातल्या सभागृहाच्या छपराला नाही.

राहिली कूपनं. लकी ड्रॉ आणि हाउजी गोव्यात फेस्तापासून क्लबापर्यंत सगळीकडे चालतात, म्हणून ती नियमात बसतात असं कोणी समजू नये. सरकारी नसलेली लॉटरी चालवण्यासाठी जागा किंवा कार्यालय ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा आहे, आणि गोव्याचा स्वतःचा 1976 चा सार्वजनिक जुगार कायदा वेगळाच. तक्रार होत नाही तोवर कोणी बघत नाही हे खरं, पण तक्रार झाली तर पावतीपुस्तकावर नाव शाळेचं असतं. शिवाय हिशेबातही कूपन वाईट आहे. पहिलं बक्षीस स्कूटर ठेवली की अर्धा पैसा स्कूटरवालाच घेऊन जातो. बक्षीस लहान ठेवलं तर कूपन खपत नाही. आणि विकणारा असतो अकरा वर्षांचा मुलगा, जो शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून 'घ्या ना काकी' म्हणतो.

तुमच्या मुलाचं जे झालं त्याबद्दल मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, भांडणाच्या सुरात नाही. त्यात तीन मुद्दे पुरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मुलाला मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, आणि कूपन खपलं नाही म्हणून वर्गात नाव वाचणं त्यातच येतं. कलम 13 प्रमाणे प्रवेशाच्या वेळी ठरलेल्या फीशिवाय देणगी मागता येत नाही, म्हणून कूपनाचा किंवा देणगीचा संबंध प्रवेशाशी, हॉल तिकिटाशी, निकालाशी जोडला जाऊ नये. आणि कलम 27 प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायचं नाही. वर्गाच्या तासात कूपनांचे पैसे मोजत बसणं हे अर्थातच शिकवणं नव्हे. पत्राची प्रत पालक-शिक्षक संघाच्या अध्यक्षांना द्या आणि पुढच्या सभेत ठराव मांडा: यापुढे शाळेच्या निधीसाठी कुठल्याही मुलाच्या हातात विकायचं काही दिलं जाणार नाही. ठराव एकट्याने मांडू नका, आधी चार आयांशी बोला. एकटी आई बोलली की 'ह्यांचं नेहमीचंच' होतं, पाच जणी बोलल्या की ते इतिवृत्तात येतं.

छपराच्या कामाला आता मे महिना एवढाच मोकळा उरतो, कारण 2025 पासून वरच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं आणि जूनला पाऊस. मे महिन्यात पत्रे चढवायचे तर मार्चअखेर ऑर्डर गेली पाहिजे, म्हणजे बॅचवाल्यांना या चवथीलाच गाठा.